गोठ्यांतील उमेदवारी

अलीकडे मोहोळ तालुक्यांत गांवोगांव हातांत वही आणि गळ्यांत ओळखपत्र अशी तरुण मंडळी दिसूं लागली आहे. ती माती पाहते, पीक पाहते, आणि गोठ्यापाशीं येऊन जनावरांविषयीं प्रश्न विचारते. हे कोण, कशासाठीं आले, यांस काय सांगावें, याचा उलगडा पुष्कळ शेतकरी बंधूंस होत नाहीं. कोणी त्यांस सरकारी माणूस समजून गप्प बसतो. कोणी पोरखेळ समजून चहा पाजून वाटेस लावतो. दोन्ही रीतींत नुकसान आमचेंच आहे. तें कसें, हें समजावें म्हणून हा धडा लिहीत आहों.

जुन्या कचेऱ्यांत कारकुनाची जागा मिळण्यापूर्वीं उमेदवारी करावी लागे. उमेदवार बिनपगारी बसे, दप्तर लावी, नकला उतरी, आणि हात बसला म्हणजे कामास लागे. आज महाविद्यालयांत जिला इंटर्नशिप म्हणतात ती हीच उमेदवारी होय. भेद एवढाच कीं, पूर्वींचा उमेदवार कागदापुढें बसे. हा जनावरापुढें बसतो, आणि मग कागदाकडे वळतो. जनावराचें सुखदुःख पाहणें, तें मोजणें आणि मोजलेलें नीट लिहिणें, अशा तीन पायऱ्या त्यास चढावयाच्या असतात. या तिन्ही पायऱ्या शेतकऱ्यानेंही ओळखून घेतल्या पाहिजेत. कारण पहिली पायरी त्याच्याच गोठ्यांत आहे.

उमेदवार कोण?

आपल्याकडे येणारे विद्यार्थी दोन प्रकारचे. पहिले कृषि महाविद्यालयांतील. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ सालीं स्थापन झालें. आपलें मोहोळचें कृषि विज्ञान केंद्र त्याच विद्यापीठाचें. कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यानें खेड्यांत राहून कार्यानुभव घ्यावा असा नियम आहे. अशा मुलांस कृषिदूत व मुलींस कृषिकन्या म्हणतात. दुसरे पशुवैद्यकाचे विद्यार्थी. नागपूरचें महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालीं सुरू झालें. त्याचीं महाविद्यालयें मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इत्यादि ठिकाणीं आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणें पशुवैद्यकाची पदवी साडेपांच वर्षांची असून त्यांतील शेवटचें एक वर्ष निव्वळ उमेदवारीचें आहे.

यांत परळचें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सर्वांत जुनें. तें १८८६ सालीं निघालें, आणि निघालें तें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवें चालणाऱ्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारांत. तें इस्पितळ १८८३ चें. तें काढणारी जनावरांवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी १८७४ ची. म्हणजे आपल्या प्रांतांत दया आधीं आली, तिनें घर बांधलें, आणि विद्या मागाहून त्या घरांत राहावयास आली. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दया ही मूळ प्रेरणा. परंतु दया केली म्हणजे जनावराचें दुखणें कमी झालेंच, असें नाहीं. तें झालें कीं नाहीं हें पाहण्याचें काम विद्येचें.

विलायतेंत याच हेतूनें लंडन विश्वविद्यालयांत १९२६ सालीं मेजर चार्ल्स ह्यूम यांनीं एक संस्था काढली. १९३८ पासून ती सर्व विद्यापीठांची म्हणून चालते. जनावरांविषयीं केवळ कळवळा नको, शास्त्रीय माहिती हवी, हें तिचें ब्रीद. विद्यार्थ्यांनीं सुट्टींत एखाद्या जनावराच्या सुखाचा प्रश्न घेऊन अभ्यास करावा म्हणून ती शिष्यवृत्त्या देते. याच संस्थेच्या प्रेरणेनें रसेल व बर्च या दोघांनीं १९५९ सालीं ग्रंथ लिहून प्रयोगकर्त्यांस तीन नियम घालून दिले: जनावरावांचून काम भागत असेल तर जनावर घेऊं नये, घ्यावेंच लागलें तर कमींत कमी घ्यावीं, आणि जीं घ्यावयाचीं त्यांस होणारा त्रास होतां होईल तों कमी करावा.

सुख म्हणजे काय?

जनावर बोलत नाहीं. मग तें सुखी आहे हें कसें ओळखावें? मालक म्हणेल, खातें आहे, दूध देतें आहे, आणखी काय पाहिजे? याच प्रश्नावर विलायतेंत मोठा वाद झाला. १९६४ सालीं रूथ हॅरिसन या बाईंनीं पिंजऱ्यांत कोंडून वाढविलेल्या कोंबड्यावासरांची स्थिति ग्रंथरूपानें मांडली. लोकांत खळबळ उडाली, आणि सरकारनें नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीनें १९६५ सालीं अहवाल दिला. त्यांत म्हटलें कीं, जनावरास निदान उठतां यावें, बसतां यावें, वळतां यावें, अंग चाटून स्वच्छ करतां यावें आणि हातपाय ताणतां यावे. पुढें १९७९ पासून याचेच वाढवून पांच मोकळेपण ठरले: भुकेतहानेपासून मोकळीक, अवघडलेल्या जागेपासून मोकळीक, दुखणें, जखम व रोग यांपासून मोकळीक, भय व क्लेश यांपासून मोकळीक, आणि आपल्या जातिस्वभावाप्रमाणें वागण्याची मोकळीक. आखूड दाव्याला चोवीस तास बांधलेली गाय पोटभर खात असली तरी पांचांपैकीं दोन मोकळीकींस ती मुकलेली असते, हें या मापानें चट्कन दिसतें.

आपल्या देशांत १९६० सालीं जनावरांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ सालीं त्याखालीं मंडळ नेमलें गेलें, आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९६५ सालीं ओढीच्या व पाठीवर ओझें वाहणाऱ्या जनावरांसाठीं नियम झाले. ते प्रत्येक गाडीवानास ठाऊक असावे. जनावरास दिवसांत एकंदर नऊ तासांहून अधिक जुंपूं नये. विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक राबवूं नये. जेथें उष्णमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जातें तेथें दुपारीं बारा ते तीन या वेळांत जुंपूं नये. आणि हांकतांना अणकुचीदार काठी वापरूं नये. आमच्या सोलापुराकडे मार्च उलटला म्हणजे दुपारचा पारा ३७ वर नसतो असे दिवस बोटांवर मोजावे लागतात. तेव्हां हा नियम जणूं आमच्याचसाठीं केलेला आहे. आणि आमच्याच पराणीच्या टोंकाला अजून आर आहे.

शर्यतींचा वादही वाचकांस स्मरत असेल. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्या निकालांत वरील पांच मोकळीकींचा आधार घेतला होता. पुढें २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजीं न्यायालयानें ती ग्राह्य धरली. आतां घालून दिलेल्या अटींनीं शर्यती होतात. या वादांत कोणाची बाजू बरोबर, हा आजच्या धड्याचा विषय नव्हे. दोन्ही बाजूंस न्यायालयापुढें गेल्यावर एकच गोष्ट लागली, आणि ती म्हणजे बैलास काय होतें याची लिहिलेली व तपासतां येण्याजोगी नोंद.

पहिली पायरी: पाहणें

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशीं आपण बैलाची खांदेमळणी करतों. हळद व लोणी घेऊन हात खांद्यावरून फिरवितों. त्या वेळीं हातास जें कळतें तें वर्षभर डोळ्यांस कळलेलें नसतें: कोठें कातडी जाड झाली आहे, कोठें सूज गरम लागते, कोठें हात लागतांच बैल अंग चोरतो. उमेदवारानें करावयाचें तें एवढेंच कीं, वर्षांतून एकदां होणारी ही खांदेमळणी रोज करावी आणि लिहून ठेवावी.

पाहण्याच्या खुणा पांच सांगतों. त्यांस यंत्र लागत नाहीं.

पहिली, अंग. बरगड्या, पाठीचा कणा, पुठ्ठ्याचीं हाडें आणि शेपटीचें मूळ यांवर हात ठेवून मांस किती आहे तें पाहावें व १ ते ५ असे गुण द्यावे. १ म्हणजे हाडाची मोळी, ५ म्हणजे चरबीनें हाड लागेनासें झालेलें. खिलार बैल मूळचाच सडपातळ. म्हणून त्याचे गुण खिलाराशींच ताडावे, जर्सीशीं नव्हे.

दुसरी, खांदा, नाक व पाय. जुवाखालील जखम, वेसणीनें कापलेली नाकपुडी, दाव्याचा वळ, खुराची भेग. जखम बोटानें नव्हे, पट्टीनें मोजावी.

तिसरी, चाल. जनावर सपाट जमिनीवरून वीस पावलें चालवावें. पाठ ताठ आहे कीं कमान झाली, चारही पाय सारखे टेकतात कीं एखादा चोरतें, हें मागून व बाजूनें पाहावें.

चौथी, श्वास. सावलींत उभ्या असलेल्या जनावराच्या कुशीची उठबस घड्याळ लावून एक मिनिट मोजावी. सकाळचा आकडा व दुपारचा आकडा यांत जितकें अंतर, तितका उन्हाचा भार. म्हशीच्या अंगाला घाम फार थोडा सुटतो. म्हणून पंढरपुरी म्हैस डबक्यांत बसते तो तिचा आळस नसून औषध आहे.

पांचवी, बसणें. दुभती गाय चांगली जागा मिळाल्यास दिवसांतून दहा ते बारा तास बसते आणि सात-आठ तास रवंथ करते. गोठ्यांत दगड टोंचत असतील, चिखल असेल, तर ती उभीच राहते. गाय उभी कां, हा प्रश्न ज्यानें विचारला त्यास गोठ्याचें अर्धें दुखणें कळलें.

दुसरी पायरी: मोजणें

पाहणें सोपें, परंतु पाहणारा स्वतःस फसवितो. नंदीबैल दारीं येतो. पाऊस पडेल का, असें विचारतांच तो मान डोलावतो. मुलें चकित होतात. पण मान ढोलकीच्या ठेक्यावर व मालकाच्या इशाऱ्यावर हलते, हें मोठ्या माणसांस ठाऊक असतें. बर्लिन शहरीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असाच एक घोडा होता. त्याचें नांव हान्स. मालक फॉन ओस्टेन हा शिक्षक. बेरीज-वजाबाकी विचारली असतां हान्स खूर आपटून उत्तर देई. १९०४ सालीं नेमलेल्या पंचांस मालकाची लबाडी सांपडली नाहीं, आणि खरोखरच लबाडी नव्हती. पुढें ऑस्कर प्फुंग्स्ट यांनीं तपास केला. ज्यास स्वतःसच उत्तर ठाऊक नाहीं अशा माणसानें प्रश्न विचारला तर घोडा चुके. विचारणारा दिसेनासा केला तरीही चुके. बरोबर आकडा आला कीं विचारणाऱ्याच्या मानेंत नकळत बारीकशी हालचाल होई, आणि घोडा ती पाहून थांबे. १९०७ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून जनावरांच्या शास्त्रांत नियम झाला कीं, मोजणाऱ्यास शक्य तोंवर उत्तर आधीं ठाऊक नसावें.

आतां एक उदाहरण घेऊं. प्रश्न असा: एप्रिलांत संकरित गाईस दोन वेळां पाणी दाखवावें, कीं तिच्यापुढें पाणी सदैव असावें? बारा गाई घ्याव्या. जात, वय व वितापासूनचे दिवस शक्य तितके सारखे असावे. चिठ्ठ्या टाकून सहा-सहांच्या दोन टोळ्या कराव्या. मालकानें टोळ्या पाडल्या तर आवडती गाय बहुधा चांगल्या बाजूस जाते. चिठ्ठीला आवडनिवड नसते. पहिला आठवडा एका टोळीपुढें पाणी सदैव ठेवावें, दुसरीस रिवाजाप्रमाणें दोनदां दाखवावें. दुसऱ्या आठवड्यांत टोळ्या उलट कराव्या. म्हणजे एखाद्या आठवड्यांत ऊन कडक पडलें तरी त्याचा दोष पाण्याच्या माथीं येणार नाहीं. प्रत्येक आठवड्याचे पहिले दोन दिवस जनावर संवयीस लागावें म्हणून सोडून द्यावे. रोज दुपारीं दोन वाजतां श्वास मोजावा आणि दूध मापावें. मोजणाऱ्यानें येण्यापूर्वीं सर्वच गाईंपुढचीं घमेलीं उचलून ठेवावीं. म्हणजे कोणती गाय कोणत्या टोळींतली हें त्यास कळणार नाहीं. यास खर्च घमेल्यांचा व श्रमाचा. गाईस त्रास कांहींच नाहीं. पाण्यावांचून कोणी ठेवलेली नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. टोंचणें, कापणें, उपाशी ठेवणें, औषध देऊन पाहणें, असला प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास आपल्या मनानें करतां येत नाहीं. त्यास कायद्यानें समिति नेमलेली आहे व संस्थेची नीतिसमिति लागते. असें कांहीं कोणी मागितल्यास शेतकऱ्यानें परवानगीचा कागद दाखवा म्हणावें. त्यांत संकोच नको.

तिसरी पायरी: लिहिणें

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें आणि आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. शास्त्रीय निबंध म्हणजे कांहीं अगम्य वस्तु असावी असें वाटत असे. वाचून पाहिल्यावर कळलें कीं, तो पंचनामाच आहे. पंचनाम्यांत काय असतें? कशासाठीं जमलों, कोठें, कोणत्या दिवशीं, कोण हजर होतें, काय व किती दिसलें, आणि शेवटीं सह्या. निबंधाचेही चार भाग. प्रस्तावनेंत प्रश्न कां पडला तें. साधनें व पद्धति या भागांत किती जनावरें, कोणतीं, कशानें व केव्हां मोजलीं तें. परिणामांत जें आढळलें तें. चर्चेंत त्याचा अर्थ. चांगल्या पंचनाम्यांत पंच जें पाहतात तेवढेंच सांगतात. आग कोणी लावली याविषयींचा तर्क ते जळालेल्या गंजीच्या मापांत मिसळीत नाहींत. निबंधांतही परिणाम व चर्चा यांच्यामध्यें हाच बांध असतो. तो फुटला कीं पाणी गढूळ झालें.

उदाहरणादाखल दोन वाक्यें पाहा. एक विद्यार्थी लिहितो: बैलांची स्थिति एकंदरीत समाधानकारक आढळली. दुसरा लिहितो: दहा बैल पाहिले, तिघांच्या खांद्यावर केस झडलेले व कातडी जाड झालेली, एकाच्या उजव्या खांद्यावर चार सेंटिमीटर लांब उघडी जखम, सहा बैलांच्या खांद्यावर कांहीं आढळलें नाहीं. पहिल्या वाक्यानें कोणाचेंच समाधान होऊं नये. दुसरें वाक्य वाचून पुढच्या वर्षीं दुसरा माणूस त्याच गांवांत जाऊन स्थिति सुधारली कीं बिघडली तें सांगूं शकेल. ज्या नोंदीची पुन्हां पडताळणी करतां येते तीच शास्त्रीय नोंद.

निबंधांतून जनावरांची संख्या, जात, वय, टोळ्या कशा पाडल्या, या गोष्टी पुष्कळदां गळतात. म्हणून २०१० सालीं विलायतेंत लेखकांसाठीं यादी तयार झाली आणि २०२० सालीं ती सुधारली गेली. ती वाचतांना आम्हांस जुन्या पीकपाहणीचे रकाने आठवले. रकाना असला म्हणजे भरावा लागतो. पण गेल्या वर्षींची ज्वारी यंदाच्या रकान्यांत उतरली तर रकाना भरून पाहणी रिकामीच. दुष्काळांतील एका छावणीची वही आमच्या पाहण्यांत आली होती; तींत कित्येक दिवस जनावरांचा आकडा एकानेंही कमीजास्त झालेला नव्हता. तेवढ्या दिवसांत एकही गाय व्याली नाहीं, एकही वासरूं मेलें नाहीं, कोणीही आपलें जनावर घरीं नेलें नाहीं, हें संभवतें काय? फार सारखा आकडा हा बहुधा न पाहिलेला आकडा असतो. विद्यार्थ्याच्या वहींत असें दिसलें तर त्यास तेथेंच टोंकावें.

‘नाहीं’ हीदेखील नोंद आहे, हेंही शिकविलें पाहिजे. पाणी सदैव ठेवूनही फरक आढळला नाहीं, तर तसें लिहावें. न लिहिल्यास दुसरा तोच खटाटोप पुन्हां करील. बुळकांडीचें उदाहरण घ्या. त्या रोगानें आपल्या आजापणजांचे गोठे रिकामे केले. त्यासारख्या रोगांच्या शोधासाठीं १८८९ सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास नेली. लस निघाली, टोंचणी झाली. परंतु शेवटच्या वर्षांतलें काम निराळेंच होतें. माणसें गांवोगांव फिरून रोग शोधीत आणि येथें रोग नाहीं असें लिहीत. अशा असंख्य ‘नाहीं’ एकत्र झाल्या, तेव्हां २०११ सालीं सर्व जगांतून बुळकांडी गेल्याचें जाहीर करतां आलें.

शेतकऱ्याचें कर्तव्य आणि हक्क

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. विद्यार्थी येणार असें कळतांच खांदा सुजलेला बैल मळ्यांत नेऊन बांधणें आणि तुकतुकीत जोडी पुढें उभी करणें, ही रीत सोडली पाहिजे. यांत अब्रू वांचते असें वाटतें. प्रत्यक्षांत दुखणें लिहिलें जात नाहीं, म्हणून त्यावर उपायही शोधला जात नाहीं. १९१९ सालीं सुरू झालेली पशुगणना २०१९ सालीं विसाव्यांदा झाली. तिनें डोकीं मोजलीं. त्या डोक्यांखालचे खांदे मोजण्याचें तिचें काम नव्हे. तें गोठ्यांतच होईल.

उलट शहरांतून आलेल्या विद्यार्थ्यानेंही जखम दिसतांच मालकास कसाई ठरवूं नये. ऊसवाहतुकीच्या दिवसांत एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. टायरची गाडी आली तेव्हां बैलाची ओढ हलकी झाली. ओढ हलकी झाली म्हणून भार वाढला. आणि सुटका होतां होतां बैल पुन्हां तेथेंच आला. गाडीवानही उचल घेतलेला, त्यासही सुटका नाहीं. अशा ठिकाणीं बैलास विश्रांति द्या एवढें लिहिणें म्हणजे शेळी जाते जिवानिशीं, खाणारा म्हणतो वातड, यांतलाच प्रकार. जखम कोणत्या जुवानें होते, जूं गुळगुळीत करून किंवा खालीं गादी लावून ती किती दिवसांत भरते, सकाळीं दोन तास लौकर जुंपल्यास दुपार टळते काय, कारखान्याच्या रांगेंत बैल सोडून सावलींत पाणी पाजतां येतें काय, हें मोजून लिहिलें तर गाडीवान ऐकेल. कारण त्यांत त्याचाही फायदा आहे. ज्या उपायास पैसा थोडा लागतो व ज्यानें दुखणें पुष्कळ कमी होतें, तो शोधून काढणें हेंच या विद्येचें आमच्या दृष्टीनें मोल. जेथें उपाय महाग आहे तेथें तसें उघड लिहावें; म्हणजे खर्च कोणीं सोसावा, एकट्या गाडीवानानें कीं ऊस नेणाऱ्या सर्वांनीं, हा प्रश्न तरी योग्य दारीं जाईल.

शेतकऱ्याचे हक्कही आहेत. विद्यार्थ्यानें आधीं हेतु सांगावा व संमति घ्यावी. मालकाचें नांव निबंधांत न घालतां गोठ्यास क्रमांक द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचें, जें आढळलें तें परत आणून सांगावें. निबंध बहुधा इंग्रजींत होतो, बांधला जातो आणि ग्रंथालयाच्या फळीवर बसतो. ज्या बैलावरून तो लिहिला गेला त्याच्या धन्यास त्याचें एक अक्षरही कळत नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, संमति देतांनाच अट घालावी: जाण्यापूर्वीं मराठींत एक पान लिहून चावडीवर वाचून दाखवावें. त्या पानांत प्रश्न काय होता, किती जनावरें पाहिलीं, काय आढळलें आणि उद्यांपासून आम्हीं काय करावें, अशा चार गोष्टी असाव्या. ज्यास हें एक पान लिहितां येत नाहीं, त्यास आपला निबंध पुरता समजला आहे असें म्हणवत नाहीं.

आपणही लिहावें, हें शेवटचें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत पिकाची पाहणी शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर नोंदवूं लागला आहे. जो आपलें पीक लिहूं शकतो त्यास आपलें जनावर लिहितां येणार नाहीं काय? २०२२ सालीं लंपी रोगाची सांथ आली तेव्हां पहिली गांठ कोणत्या दिवशीं दिसली, लस केव्हां टोंचली, खाणें केव्हां सुटलें, हें ज्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहिलेलें होतें, त्याला डॉक्टरास सांगणें सोपें गेलें. बाकीच्यांस आठवून सांगावें लागलें, आणि आठवण दर वेळीं निराळी निघते. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षां तो असतांना वही केलेली बरी.

अभ्यासासाठीं

सभासदांनीं पुढील महिन्याच्या बैठकीस येतांना खालील चार गोष्टी करून आणाव्या.

१. आपल्या गोठ्यांतील एक जनावर निवडून सात दिवस सकाळीं सात व दुपारीं दोन वाजतां त्याचा श्वास मोजावा. दिवस, वेळ, ऊन कीं सावली, हें प्रत्येक आंकड्यापुढें लिहावें.

२. कामाच्या प्रत्येक बैलाच्या खांद्यावर रोज संध्याकाळीं हात फिरवावा. कांहीं आढळल्यास पट्टीनें मोजून लिहावें. न आढळल्यास ‘नाहीं’ असें लिहावें. रकाना कोरा सोडूं नये.

३. शेजाऱ्याच्या जनावराच्या अंगास १ ते ५ पैकीं गुण द्यावे, आणि त्यानें आपल्या जनावरास द्यावे. आपण स्वतः दिलेले गुण व शेजाऱ्यानें दिलेले गुण यांत अंतर किती पडतें तें पाहावें.

४. जूं, साटी, वेसण, गव्हाण व गोठ्याची जमीन यांपैकीं एका वस्तूंत ज्या बदलास फारसा खर्च नाहीं असा एक बदल सुचवावा, आणि त्यानें उपयोग झाला कीं नाहीं हें कशावरून ओळखावें, तेंही लिहावें.

तालुक्यांत उमेदवार विद्यार्थी राहावयास आले असतील तर त्यांसही या बैठकीस बोलवावें. त्यांच्या वहीशेजारीं आपली वही ठेवावी. दोघींत मेळ बसला तर उत्तम; न बसला तर दोघांनीं मिळून गोठ्यांत जावें आणि पुन्हां मोजावें.